रिकाम्या खुर्चीचे मत

सभेला जो आला नाही त्याचे मत मोजले जात नाही, हा कोणत्याही समितीच्या कामकाजातला सर्वसाधारण संकेत. अमेरिकेतील गावोगावच्या झोनिंग मंडळांपुढे आपल्या घराचे काम घेऊन ज्याला उभे राहावे लागते, त्याचा अनुभव मात्र निराळा असतो. तेथे रिकामी खुर्चीही मत देते आणि ते मत अर्जदाराच्या विरुद्ध पडते. जो सदस्य आजारी आहे, परगावी गेला आहे किंवा हितसंबंध गुंतल्यामुळे बाजूला बसला आहे, त्याने तोंडातून अवाक्षर न काढता अर्ज फेटाळण्यास हातभार लावलेला असतो. या विचित्र अंकगणितावर तेथील अनेक राज्यांनी ‘पर्यायी सदस्य’ हा उपाय काढला. उपाय चांगला आहे. परंतु त्याची दोरी कोणाच्या हाती असावी, या प्रश्नाला निरनिराळ्या राज्यांनी निरनिराळी उत्तरे दिली आहेत, आणि उपायाचे बरेवाईट त्या उत्तरावरच अवलंबून आहे. विकास आराखड्यांवरील हरकतींच्या सुनावण्यांनी ज्या महाराष्ट्रात एवढे वादंग माजविले, तेथील कायदेकर्त्यांनाही या अनुभवात पाहण्यासारखे पुष्कळ आहे.

चार मतांचा हिशेब

कोठे राहायचे, कोठे दुकान थाटायचे आणि कोठे कारखाना उभारायचा हे नकाशावर आखून देण्याची पद्धत न्यूयॉर्क शहराने १९१६ साली सर्वंकष स्वरूपात अंगीकारली. पुढे हर्बर्ट हूव्हर वाणिज्यमंत्री असताना त्यांच्या खात्याने राज्यांसाठी एक नमुना कायदा तयार करून दिला. त्याची सुधारित आवृत्ती १९२६ ची. त्याच वर्षी युक्लिड गावाच्या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने झोनिंग घटनेशी सुसंगत असल्याचा निर्वाळा दिला आणि ही पद्धत देशभर पसरली. आता, नियम सरसकट असतो. जमीन कधीच सरसकट नसते. एखादा भूखंड त्रिकोणी असतो, एखाद्याच्या मधून ओढा गेलेला असतो, एखाद्यावरचे घर नियम होण्यापूर्वी पन्नास वर्षे उभे असते. अशा ठिकाणी नियम अक्षरशः लावला तर मालकाच्या पदरी जमीन असून नसल्यासारखीच. म्हणून नमुना कायद्याने पाच जणांच्या एका मंडळाची योजना केली. अडचण खरी असेल तेथे नियमातून सूट द्यावी, हे त्या मंडळाचे मुख्य काम. मात्र सूट सवंग होऊ नये यासाठी ती पाचांपैकी तिघांच्या साध्या बहुमताने देता येणार नाही, चौघांची मते अनुकूल पडली पाहिजेत, अशी अट त्यात घालण्यात आली. कनेक्टिकट व मॅसॅच्युसेट्स यांसारख्या राज्यांनी पाच सदस्यांच्या मंडळापुरती ही अट आजतागायत जपली आहे. न्यू जर्सीत मंडळ सात जणांचे असते आणि जमिनीचा वापरच बदलण्याची सूट हवी असेल तर पाच मते लागतात.

अट घालणाऱ्यांचा हेतू स्वच्छ होता. परंतु ‘चार’ हा आकडा हजर सदस्यांच्या प्रमाणात ठरत नाही. तो पूर्ण मंडळाच्या हिशेबाने ठरलेला आहे. खुर्च्या रिकाम्या पडल्या तरी तो कमी होत नाही. एका मध्यमवर्गीय कुटुंबाला वृद्ध आईसाठी तळमजल्यावर एक खोली वाढवायची आहे आणि मागच्या बाजूचे सामासिक अंतर नियमापेक्षा चार फूट कमी पडते, असे समजा. पाचही सदस्य आले असतील तर एकाचा विरोध पचतो. चौघेच आले तर एकाही विरोधाला जागा उरत नाही. तिघेच आले तर गणपूर्ती होते, सभा कायदेशीर भरते, दोन तास सुनावणीही चालू शकते. सूट मिळणे तेवढे अशक्य असते! म्हणून अशा संध्याकाळी अध्यक्षाने अर्जदाराला सौजन्याने विचारायचे, की आजच ऐकावे, का पुढच्या महिन्यावर टाकावे, असा प्रघात अनेक गावांनी पाडला आहे. प्रश्न सौजन्याचा असला तरी उत्तर महागाचे असते. न्यू जर्सीत अर्जदाराला दोनशे फुटांच्या आतील प्रत्येक मालमत्ताधारकाला सुनावणीपूर्वी किमान दहा दिवस नोटीस द्यावी लागते आणि जाहीर सूचनाही प्रसिद्ध करावी लागते. वास्तुविशारद आणि वकील तासाच्या हिशेबाने पैसे घेणारे. हे सारे करून दिवाणखान्यातील नकाशाची गुंडाळी काखेला मारून माणूस नगरभवनात येतो आणि पाहतो तो एक खुर्ची मोकळी. एडिसन व त्याच्या परिसरात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांपैकी ज्यांच्यावर घर वाढविण्यासाठी या मंडळाची पायरी चढण्याचा प्रसंग आला असेल, त्यांना हे मोजून येण्याचे शास्त्र कोणी वेगळे शिकविण्याची गरज नाही.

शेजाऱ्याचीही तीच गत. जो विरोध करण्यासाठी काम सोडून आला, त्याला पुढच्या महिन्यात पुन्हा यावे लागते. त्यापुढच्या महिन्यात तो बहुधा येत नाही. शिवाय रिकाम्या खुर्चीचा फटका नेहमी अर्जदारालाच बसतो असेही नाही. न्यू जर्सीच्या कायद्याप्रमाणे परिपूर्ण अर्जावर मंडळाने साधारणपणे १२० दिवसांत निर्णय दिला पाहिजे. अर्जदाराच्या संमतीने मुदत वाढविली नसेल आणि निर्णय झाला नसेल तर अर्ज मंजूर झाला असे धरले जाते. मॅसॅच्युसेट्समध्ये सूट मागणाऱ्या अर्जाला १०० दिवसांची अशीच मुदत आहे. गणपूर्तीअभावी सभा लागोपाठ तहकूब होत गेल्या तर ज्या इमारतीला सारी आळी विरोध करीत होती, ती कोणीही हात वर न करता मंजूर होऊन बसायची. मंडळ म्हणजे एक न्यायासन आहे असे मानले, तर न्यायाधीश आला की नाही यावर निकाल फिरावा हे लाजिरवाणे आहे.

पण न्यायाधीश येत का नाहीत? याचे उत्तर रागाने देण्यासारखे नाही. ही मंडळे पगारी नोकरांची नव्हेत. निवृत्त शिक्षक, विमा एजंट, गवंडीकामाचा ठेकेदार, एखादा वकील, एखादी गृहिणी असे गावातलेच पाच-सात जण दिवसभराचे काम उरकून रात्री तेथे बसतात, आणि पुष्कळ ठिकाणी त्यांना एक डॉलरही मिळत नाही. न्यू इंग्लंडमधील कित्येक गावांची वस्ती काही हजारांची. तेथे अर्जदार हा एका सदस्याचा मेहुणा, दुसऱ्याचे गिऱ्हाईक आणि तिसऱ्याचा भिंतीला भिंत लागून शेजारी असणे यात नवल नाही. हितसंबंध गुंतला की सदस्याने उठून जावे, हा नियम योग्यच होय. पण प्रामाणिक सदस्य उठून गेला की खुर्ची रिकामी होते, आणि त्याच्या प्रामाणिकपणाची किंमत अर्जदार मोजतो. लहान गावात नीतीचा नियम आणि मतांचा नियम असे एकमेकांच्या पायात येतात.

बारावा गडी

नमुना कायद्यात पर्यायी सदस्यांची सोय नव्हती. राज्यांनी ती पुढे आपापल्या कायद्यांत घातली. नियमित सदस्यांबरोबरच काही नागरिकांना आगाऊ नेमून ठेवायचे, आणि कोणी गैरहजर राहिला वा अपात्र ठरला तर त्याच्या खुर्चीवर त्यांच्यापैकी एकाला बसवायचे, एवढीच ही कल्पना. कनेक्टिकटमध्ये पाच नियमित सदस्यांना तीन पर्यायी असतात. न्यू जर्सीत सातांना चारपर्यंत, न्यू हॅम्पशायरमध्ये पाचांना पाचपर्यंत. मॅसॅच्युसेट्स त्यांना ‘सहयोगी सदस्य’ म्हणते. न्यूयॉर्क राज्याचा कायदा सर्वांत कंजूष: त्याने ही सोय हितसंबंध गुंतलेल्या सदस्याच्या जागेपुरतीच दिली आहे, आजारी वा परगावी गेलेल्याच्या जागेसाठी नव्हे.

मराठी वाचकाला येथे क्रिकेटमधील बारावा गडी आठवेल. परंतु ती तुलना पुरती बसत नाही. बारावा गडी क्षेत्ररक्षण करतो, त्याला फलंदाजी नाही आणि गोलंदाजीही नाही. पर्यायी सदस्य खुर्चीवर बसला की त्याचे मत पूर्ण मत. तो शोभतो अलीकडच्या बदली खेळाडूला. २०१९ पासून आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये डोक्याला मार लागलेल्या खेळाडूच्या जागी पूर्ण अधिकाराचा बदली खेळाडू घेता येतो. मात्र तो त्याच जातीचा असावा लागतो, म्हणजे फलंदाजाच्या जागी वेगवान गोलंदाज घुसविता येत नाही. आणि बदली योग्य आहे की नाही हे कर्णधार ठरवीत नाही, सामनाधिकारी ठरवितो. खेळाच्या नियमकर्त्यांना जे सुचले ते नगररचनेच्या कायदेकर्त्यांना सर्वत्र सुचलेले नाही.

न्यू हॅम्पशायर आणि मॅसॅच्युसेट्स या दोन्ही राज्यांत कोणता पर्यायी सदस्य बसवायचा हे मंडळाच्या अध्यक्षाने ठरवायचे असते. गावाने स्वतःच्या कार्यनियमांत हवी तर पाळी लावून घ्यावी. राज्याचा कायदा तिचा आग्रह धरीत नाही. वरवर पाहता यात गैर काही दिसत नाही. सभा सुरू करायची आहे, एक खुर्ची मोकळी आहे, समोर तिघे पर्यायी बसले आहेत. अध्यक्षाने बोट दाखवावे आणि काम पुढे चालावे. परंतु अध्यक्ष हा मंडळावरचा सर्वांत जाणता माणूस असतो. नियमित सदस्यांपैकी कोण कोणत्या बाजूला झुकेल याचा त्याला अंदाज असतो. पर्यायी सदस्यांपैकी बांधकामाला सदैव अनुकूल कोण आणि प्रत्येक झाडासाठी भांडणारा कोण, हेही त्याला ठाऊक असते. न्यू हॅम्पशायरच्या मंडळात निर्णयाला तीन मते लागतात. चार नियमित सदस्य दोन विरुद्ध दोन असे विभागलेले आहेत हे गावात सर्वांना माहीत असेल, तर पाचव्या खुर्चीसाठी नाव उच्चारणे म्हणजेच निकाल उच्चारणे होय. सुनावणी त्यानंतर होते, एवढेच.

अध्यक्ष अप्रामाणिक असतात असे सुचविण्याचा येथे हेतू नाही. बहुतेक अध्यक्ष जो आधी येऊन बसला त्यालाच बोलावीत असतील. अडचण अशी की, प्रामाणिक अध्यक्षाला आपला प्रामाणिकपणा सिद्ध करण्याचे साधन हा नियम देत नाही. हरलेला पक्ष घरी जाताना मतांचा हिशेब करतो, आणि जे मत निर्णायक ठरले ते अध्यक्षाने निवडलेल्या माणसाचे होते हे त्याच्या ध्यानात आल्यावाचून राहत नाही. गाव लहान असेल तर ते पुढली दहा वर्षे ध्यानात राहते.

कनेक्टिकटने यावर साधा तोडगा काढला आहे. अध्यक्षाने पर्यायी सदस्य निवडायचा झाल्यास तो पाळीने निवडावा आणि सर्वांना होता होईतो सारख्याच वेळा संधी मिळावी, असे तेथील कायदा सांगतो. पाळी ज्याची होती तो उपलब्ध नसल्यास तशी नोंद सभेच्या इतिवृत्तात झाली पाहिजे. इतिवृत्तातली ही एक ओळ फार मोलाची आहे, कारण पुढे कोणी न्यायालयात गेला तर तिच्यावर बोट ठेवता येते. न्यू जर्सीने तर निवडीचा प्रश्नच निकालात काढला. तेथे पर्यायी सदस्यांना नेमतानाच क्रमांक दिलेले असतात: पर्यायी सदस्य क्रमांक एक, क्रमांक दोन, याप्रमाणे. एकच जागा मोकळी असेल तर पहिल्या क्रमांकाने मत द्यायचे. हितसंबंधांमुळे गणपूर्तीच होईनाशी झाली, तर नियोजन मंडळावरील नागरिक-सदस्यांना त्यांच्या सेवेच्या ज्येष्ठतेप्रमाणे बोलवायचे. म्हणजे दुसऱ्या मंडळाकडून उसना माणूस आणतानाही कोणाला आणावे याची मुभा कोणाला ठेवलेली नाही. शिवाय त्या कायद्यात आणखी एक कलमाचा तुकडा आहे: पर्यायी सदस्याऐवजी नियमित सदस्याला मत देता यावे म्हणून मतदान लांबणीवर टाकता येणार नाही. हे वाक्य ज्याने लिहिले त्याला समित्यांचे अंतरंग चांगलेच ठाऊक असले पाहिजे. नको असलेला पर्यायी बसला, की ‘उशीर झाला आहे, उरलेले पुढच्या सभेत घेऊ’ असे म्हणणारा अध्यक्ष अमेरिकेतच जन्माला येतो असे नव्हे.

ज्याने ऐकले त्याने ठरवावे

पर्यायी सदस्याच्या बाबतीत दुसरा प्रश्न वेळेचा आहे. मोठ्या अर्जाची सुनावणी एका रात्रीत संपत नाही. तीन-चार महिने चाललेल्या सुनावणीच्या शेवटच्या सभेला एक नियमित सदस्य आला नाही आणि त्याच्या जागी असा पर्यायी बसविला, ज्याने आधीचे काहीच ऐकलेले नाही, तर त्याच्या मताला काय किंमत द्यायची? ज्याने ऐकले त्यानेच निर्णय द्यावा, हे तत्त्व अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९३६ साली मॉर्गन खटल्यात मांडले. भारताच्या सर्वोच्च न्यायालयानेही गुल्लापल्ली नागेश्वर राव यांच्या खटल्यात १९५८ साली तेच सांगितले. त्या प्रकरणी आंध्रातील बसमार्गांच्या राष्ट्रीयीकरणावरील हरकती खात्याच्या सचिवाने ऐकल्या होत्या आणि निर्णय मुख्यमंत्र्यांनी दिला होता. एकाने ऐकायचे आणि दुसऱ्याने ठरवायचे, असे झाले की सुनावणी हा नुसता उपचार उरतो, असा न्यायालयाचा आशय होता.

मॅसॅच्युसेट्सने हे तत्त्व फार कडकपणे पाळले. ब्रूस्टर गावच्या नियोजन मंडळाविरुद्धच्या एका खटल्यात तेथील अपील न्यायालयाने १९८३ साली दिलेल्या निर्णयानंतर, सुनावणीच्या प्रत्येक बैठकीला जो हजर नव्हता त्याला मत देता येईना. म्हणजे एका सदस्याला एक रात्र ताप आला तरी चार महिन्यांच्या कामावर पाणी पडण्याची वेळ. अखेर २००६ साली तेथील विधिमंडळाने कायदा करून वाट काढली: ज्या गावाने हा कायदा स्वीकारला असेल तेथे, एकच बैठक चुकलेल्या सदस्याने त्या बैठकीची सर्व कागदपत्रे वा ध्वनिमुद्रण तपासल्याचे लेखी प्रमाणपत्र दिले तर त्याला मत देता येते. न्यू जर्सी त्याहून उदार आहे. तेथे एकाहून अधिक बैठका चुकल्या तरी लेखी वृत्तांत वाचल्याचे किंवा ध्वनिमुद्रण ऐकल्याचे प्रमाणपत्र पुरते.

ध्वनिमुद्रणाची ही सवलत व्यवहार्य आहे, पण तिच्यावर फार भिस्त ठेवणे बरे नव्हे. झोनिंगच्या सुनावणीत अर्धे बोलणे नकाशापुढे उभे राहून होते. शेजारीण नकाशावर बोट ठेवते आणि म्हणते, ‘पाणी तुंबते ते इथे.’ ध्वनिफितीवर ‘इथे’ एवढेच ऐकू येते. घरी बसून फीत ऐकणाऱ्याला प्रश्न विचारण्याचीही सोय नसते. त्यापेक्षा पर्यायी सदस्य पहिल्या दिवसापासून प्रत्येक सुनावणीला हजर असावा आणि खुर्ची मोकळी होताच त्याने तयारीनिशी बसावे, हा मार्ग कितीतरी निर्मळ. मात्र मग त्याच्या वाट्याला जे आयुष्य येते त्याचाही विचार झाला पाहिजे. महिन्यामागून महिने यायचे, रात्री अकरापर्यंत गटाराचे उतार आणि वाहनतळाच्या जागांची संख्या ऐकायची, आणि मताची वेळ आली की घरी जायचे. असे पर्यायी सदस्य हळूहळू येईनासे होतात. मग ते कागदावर उरतात, आणि रिकाम्या खुर्चीमागे आणखी एक रिकामी खुर्ची उभी राहते.

त्याला निदान बोलू तरी द्यावे काय? न्यू जर्सीचा कायदा चर्चेत भाग घेण्याची मुभा देतो. मत तेवढे नाही. कनेक्टिकटमध्ये सुनावणी बंद झाल्यावर मंडळाच्या आपसांतील विचारविनिमयात न बसविलेल्या पर्यायी सदस्याने बोलणे अयोग्य मानले जाते. या दोहोंत कनेक्टिकटची बाजू अधिक बळकट वाटते. सुनावणी चालू असताना त्याने अवश्य प्रश्न विचारावेत. त्याने त्याचे शिक्षण होते आणि अर्जदाराला उत्तर देण्याची संधीही मिळते. विचारविनिमयात मात्र ज्याला मताची जबाबदारी नाही त्याचे वजन का पडावे? चार जणांचे मन वळवून स्वतः नामानिराळा राहणारा सल्लागार कोणत्याही समितीला परवडत नाही.

महाराष्ट्रातील सात खुर्च्या

महाराष्ट्रात झोनिंगमधून सूट देणारी अशी नागरिकांची मंडळे नाहीत. तो अधिकार आयुक्तांच्या आणि शासनाच्या हाती आहे. परंतु जमिनीच्या वापरासंबंधी नागरिकाने समोरासमोर उभे राहून बोलावे आणि एका समितीने ऐकावे, असा एक प्रसंग या राज्याच्या कायद्यातही आहे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या २८ व्या कलमाखाली विकास आराखड्यावरील हरकती व सूचना ऐकण्यासाठी एक नियोजन समिती नेमली जाते. महानगरपालिकेच्या बाबतीत स्थायी समितीचे तीन सदस्य आणि नगररचनेचे वा पर्यावरणाचे विशेष ज्ञान असलेल्या, जास्तीत जास्त चार नेमलेल्या व्यक्ती, असे तिचे स्वरूप. ही समिती अंतिम निर्णय देत नाही, शिफारस करते. अमेरिकन मंडळाशी तिची तुलना तेवढ्यापुरतीच करावी. तथापि ज्याच्या घरावर रस्त्याची रेघ पडली आहे किंवा ज्याच्या वस्तीतील मैदानाचे आरक्षण उठले आहे, त्याच्या दृष्टीने तोंडी म्हणणे मांडण्याची मुख्य जागा हीच. पुढची पायरी मंत्रालयाची, आणि तेथपर्यंत त्याचा आवाज कागदावर उतरूनच पोचतो.

या समितीला पर्यायी सदस्य नाहीत. आणि तिच्या रचनेतच एक ठिसूळ सांधा आहे. महानगरपालिकेच्या स्थायी समितीचे निम्मे सदस्य दरवर्षी निवृत्त होतात. सुनावणी मात्र वर्षाच्या चौकटीत बसतेच असे नाही. पुण्याच्या जुन्या हद्दीचा विकास आराखडा २०१३ साली हरकतींसाठी प्रसिद्ध झाला तेव्हा सुमारे ८७ हजार हरकती व सूचना आल्या. प्रत्येकीला पाच मिनिटे दिली असती तर ७,२५० तास लागले असते, म्हणजे रोज आठ तास बसून नऊशेहून अधिक दिवस. एकसारख्या हरकती एकत्र ऐकल्या तरी हे काम डोंगराएवढे होते. एवढ्या लांबणाऱ्या कामात एखादा सदस्य आजारी पडणार, एखाद्याची स्थायी समितीची मुदत संपणार, एखाद्याच्या नातलगाची जमीन नकाशावर निघणार, हे गृहीतच धरले पाहिजे. कायदा मात्र सातही जण लोखंडाचे आहेत असे समजून चालतो.

पुण्यात पुढे जे घडले ते सर्वश्रुत आहे. लोकनियुक्त सदस्य आणि नेमलेले तज्ज्ञ यांचे एकमत झाले नाही, दोन वेगळे अहवाल आले, आणि २०१५ च्या मार्चमध्ये राज्य शासनाने आराखडा महापालिकेकडून काढून घेऊन विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे दिला. शासनाची मंजुरी २०१७ च्या जानेवारीत मिळाली. पर्यायी सदस्य असते तर हे टळले असते, असा दावा करणे भाबडेपणाचे ठरेल. मतभेद हा गैरहजेरीचा रोग नव्हे आणि बदली माणूस हे त्याचे औषध नव्हे. परंतु पुण्याच्या या दुफळीतून पर्यायी सदस्यांची रचना कशी असावी याचा एक धडा निघतो. ज्या समितीत तीन लोकनियुक्त आणि चार नेमलेले असा तोल कायद्याने मोजून ठेवला आहे, तेथे नगरसेवकाच्या जागी तज्ज्ञ किंवा तज्ज्ञाच्या जागी नगरसेवक बसला, तर एका खुर्चीने सारा तोल फिरतो. म्हणून पर्यायी नेमायचे तर दोन्ही गटांतून वेगवेगळे नेमले पाहिजेत. फलंदाजाच्या जागी फलंदाज. लोकनियुक्तांपैकी एक आणि तज्ज्ञांपैकी एक एवढे दोघे पुरेत. त्यांची नावे समितीबरोबरच जाहीर व्हावीत, त्यांनी पहिल्या सुनावणीपासून बसावे, आणि कोणाच्या जागी कोण, हे अध्यक्षाला ठरविण्यासारखे काही शिल्लक ठेवू नये. ज्या लोकनियुक्त सदस्याची स्थायी समितीवरील मुदत मध्येच संपते त्याला सुनावणी पूर्ण होईपर्यंत नियोजन समितीवर ठेवावे, अशी तरतूदही सोबत करता येईल. ऐकलेला माणूस घालवून न ऐकलेला आणण्यात कोणाचेच हित नाही. २०२२ पासून पुढे अनेक महानगरपालिकांत निवडणुका रखडून प्रशासकांची राजवट आली, तेव्हा स्थायी समिती हीच मुळी अस्तित्वात नव्हती. तो प्रश्न पर्यायी सदस्याच्या आवाक्याबाहेरचा आहे, आणि त्याची चर्चा वेगळी व्हावी.

आधीच गर्दी असलेल्या समितीत आणखी दोन माणसे कशाला, असा आक्षेप नगररचना खात्याकडून येण्याचा संभव आहे. खर्चाचा मुद्दाही निघेल. दोन सदस्यांचा बैठक भत्ता हा विकास आराखड्याच्या एकूण खर्चात कोठे दिसणारही नाही. एका आरक्षणावरून उच्च न्यायालयात चालणाऱ्या एका खटल्याचा खर्च त्याहून अधिक असतो. खरी हरकत वेगळीच आहे आणि ती सहसा बोलून दाखविली जात नाही. समितीतील कोण केव्हा हजर होता, कोणी कोणती हरकत ऐकली आणि शिफारशीवर कोणी सही केली, याचा तपशील हरकतदारापुढे मांडण्याची सवय या कार्यपद्धतीला नाही. पर्यायी सदस्य आले की ती नोंद ठेवणे भाग पडेल. कोणत्या दिवशी कोणती खुर्ची मोकळी होती आणि तीवर कोण बसला, हे कनेक्टिकटप्रमाणे इतिवृत्तात लिहावे लागेल.

हरकतदाराला सुनावणीसाठी जे पत्र येते त्यावर तारीख, वेळ आणि स्थळ असते. त्याच पत्राच्या तळाशी समितीच्या सात सदस्यांची आणि त्यांच्या दोन पर्यायांची नावे क्रमाने छापण्यास दोन ओळी लागतील. सुनावणीच्या दिवशी समोर बसलेल्या माणसांशी ती ताडून पाहणे मग हरकतदाराचे काम.